लॉट एक, नोंदी दोन: जावात रेस्ट सेवा लिहायला कुठलं फ्रेमवर्क घ्यावं?

बेळगावच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानासाठी मी एक छोटी सेवा लिहिली होती. शेतकऱ्याचा माल आला की लॉटची नोंद करायची, सौदा झाला की भाव टाकायचा आणि संध्याकाळी हमाली-तोलाई वजा करून पट्टी काढायची, एवढंच तिचं काम. दुसऱ्याच आठवड्यात तिनं एका शेतकऱ्याची चाळीस पोती रताळी ऐंशी करून दाखवली.

दुकानाचा दिवाणजी गावातच, टेम्पो भरता भरता, फोनवरून नोंद करत होता. खानापूरच्या बाजूला झाडीत रेंज येते आणि जाते. त्यानं बटण दाबलं, चक्र नुसतं फिरत राहिलं, म्हणून त्यानं परत दाबलं. पहिली नोंद सर्व्हरवर पोचली होती, पण "पोचली" हे उत्तर परत येताना रेंज गेली. मग दुसरी नोंदही पोचली. रात्री पट्टी काढायला बसले तेव्हा एकाच मालाचे दोन लॉट, आणि समोर तो शेतकरी उभा. आपल्या हिशोबात कुणीतरी हात घातलाय असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. वहीत लिहिलं असतं तर हे झालं नसतं, ही गोष्ट मला फार लागली.

ती सेवा लिहिण्याआधी तीन आठवडे मी फ्रेमवर्कं, म्हणजे सेवेची नेहमीची कामं करून देणारे तयार सांगाडे, पारखत बसलो होतो. कुठलं जलद, कुठलं हलकं, कुठलं नवं. त्यातल्या एकाही फ्रेमवर्कनं ही चूक अडवली नसती.

परवा माझा भाचा आला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट करायचाय. "मामा, कॉलेजात सगळे स्प्रिंगच शीक म्हणूलालेत, आणि व्हिडिओवाले क्वार्कस शीक म्हणूलालेत. मी नेमकं काय करू?" स्प्रिंग आणि क्वार्कस ही अशीच दोन फ्रेमवर्कं. त्याला दोन संध्याकाळ बसवून जे सांगितलं ते इथं लिहितोय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची बरीच मुलं आज याच प्रश्नाशी अडलेली असतील.

आधी रेस्ट, मग फ्रेमवर्क

रेस्ट हे कुठलं सॉफ्टवेअर नाही, विकत किंवा फुकट मिळणारी वस्तू नाही. रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेत डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. वेब इतकी पसरली आणि तरीही मोडली नाही, ती कशामुळे, हे त्यांनी त्यात मांडलं आणि त्या रचनेला रेस्ट हे नाव दिलं. एचटीटीपीचे, म्हणजे वेबवर विनंती आणि उत्तर कसं पाठवायचं त्याचे, नियम घडवणाऱ्यांत ते स्वतः होते, म्हणून त्या मांडणीला वजन आहे.

व्यवहारात त्याचा अर्थ असा. प्रत्येक वस्तूला एक पत्ता द्यायचा. आपल्या दुकानात वस्तू म्हणजे लॉट, शेतकरी, सौदा, पट्टी. ७१३ नंबरच्या लॉटचा पत्ता "/लॉट/७१३". पत्ता हे नाम झालं. क्रियापदं एचटीटीपीनं आधीच ठरवून दिलेली आहेत: गेट म्हणजे दाखव, पोस्ट म्हणजे नवीन घाल, पुट म्हणजे या पत्त्यावर हे असंच ठेव, पॅच म्हणजे थोडं बदल, डिलीट म्हणजे काढून टाक. "/लॉटकाढूनटाका" असा पत्ता कुणी बनवला असेल तर समजायचं की क्रियापद चुकून नामात शिरलंय.

आता माझी चूक कुठं होती ते बघा. गेट कितीही वेळा करा, काही बदलत नाही. पुट एकदा करा की पाचदा, शेवटी त्या पत्त्यावर तीच एक गोष्ट राहते. डिलीटही तसंच, गेलेलं परत जात नाही. पोस्टचं मात्र तसं नाही: दोनदा पाठवलं तर दोन वस्तू तयार होतात. मी नोंदीला पोस्ट वापरलं होतं आणि लॉटचा नंबर सर्व्हर देत होता. त्यामुळे दुसऱ्यांदा आलेली विनंती जुनीच आहे हे ओळखायला सर्व्हरकडे काही खूणच नव्हती.

दुरुस्ती केली ती अशी. नोंदीचा फॉर्म उघडताच फोन स्वतःच एक न जुळणारी लांबलचक खूण तयार करतो, जावात तिला यूयूआयडी म्हणतात. मग त्या खुणेच्याच पत्त्यावर पुट करतो. पहिल्यांदा सर्व्हर २०१ उत्तर देतो, म्हणजे नवीन तयार झालं. रेंज गेली आणि दिवाणजीनं चारदा बटण दाबलं तरी पुढच्या वेळी २०० येतं, आणि लॉट एकच राहतो. वीस-पंचवीस ओळींचा बदल.

उत्तराच्या या आकड्यांबद्दलही थोडं सांगतो, कारण इथं फार जण घसरतात. सापडलं नाही तर ४०४, माहिती चुकीची असेल तर ४००, आधीच्या नोंदीशी भांडण होत असेल तर ४०९, आपलंच काही बिघडलं तर ५००. काहीही झालं तरी २०० पाठवायचं आणि आत मजकुरात "एरर" लिहायचं, ही सवय मी मोठमोठ्या प्रोजेक्टमध्ये बघितली आहे. अशाने पलीकडच्या प्रोग्रामला आकडा बघून काहीच ठरवता येत नाही, प्रत्येक उत्तर उघडून वाचावं लागतं.

फ्रेमवर्क मग करतं तरी काय?

सर्व्हरवर येते ती विनंती म्हणजे साधा मजकूर. पहिल्या ओळीत क्रियापद आणि पत्ता, खाली हेडरच्या ओळी, मग एक रिकामी ओळ, आणि त्याखाली जेसन, म्हणजे माहिती मजकुरात मांडायची एक पद्धत. हा मजकूर वाचायचा, पत्त्यावरून कुठली मेथड बोलवायची ते ठरवायचं, "७१३" हे अक्षरांतून आकड्यात आणायचं, जेसनमधून जावाचा ऑब्जेक्ट बनवायचा, पोत्यांची संख्या उणे तर नाही ना हे तपासायचं, चूक असेल तर नीट आकड्यासह उत्तर द्यायचं, आणि शेवटी परत ऑब्जेक्टचं जेसन करून पाठवायचं. ही सगळी हमाली फ्रेमवर्क करतं. तुमच्या हातात उरतं ते मधलं काम: पट्टीचा हिशोब.

माझं मत असं की प्रत्येक विद्यार्थ्यानं ही हमाली एकदा तरी स्वतः करावी. जावा ६ पासून, म्हणजे २००६ पासून, जेडीकेमध्येच, म्हणजे जावाच्या मूळ साधनसंचातच, एक छोटा एचटीटीपी सर्व्हर दिलेला आहे. काहीही डाउनलोड न करता त्यावर एक गेट आणि एक पुट लिहून बघा. भाच्याला एक संध्याकाळ लागली. दुसऱ्या दिवशी स्प्रिंग बूट उघडल्यावर तो म्हणाला, "म्हणजे हे जे डोक्यावर ॲट लावून लिहिलंय, ते कालचं माझं इफ-एल्स आहे होय?" अगदी तेच आहे.

दोन घराणी आणि धाकटी भावंडं

जावातल्या रेस्ट फ्रेमवर्कांची यादी मोठी दिसते, पण वंश बघितला तर घराणी मुख्यतः दोनच.

पहिलं घराणं प्रमाणाचं. जॅक्स-आरएस हे मुळात फ्रेमवर्क नाही, तो करारनामा आहे. २००८ साली तो पहिल्यांदा आला. पत्ता कसा लिहायचा, गेट-पोस्टच्या खुणा (ॲट लावून लिहायची ती नावं) कशा लावायच्या, एवढं त्यात ठरलं. चालवणारं इंजिन कुणीही बनवावं. जर्सी हे त्याचं मूळ नमुना-इंजिन, रेस्टईझी हे जेबॉस-रेड हॅटकडचं, आणि अपाची सीएक्सएफ हे सोप (वेब सेवांची जुनी पद्धत) आणि रेस्ट दोन्ही चालवणारं. जुन्या सरकारी किंवा बँकेच्या सोप सेवांशी बोलायचं असेल तर सीएक्सएफ आजही उपयोगी पडतं. यात शिकलेल्या खुणा वाया जात नाहीत, कारण क्वार्कस, हेलिडॉनचा एमपी प्रकार, ड्रॉपविझार्ड, वाइल्डफ्लाय, ओपन लिबर्टी या सगळ्यांत त्याच चालतात.

दुसरं घराणं स्प्रिंगचं. स्प्रिंगची पहिली पक्की आवृत्ती २००४ ची. त्या वेळच्या अवजड एंटरप्राइझ जावाला, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या कामासाठीच्या जावाला, कंटाळलेल्या लोकांना ते दिलासा वाटलं. पण पुढे स्प्रिंगमध्येही सेटिंगच्या एक्सएमएल फायली इतक्या वाढल्या की नवा प्रोजेक्ट उभा करायला दोन-दोन दिवस जायचे. एप्रिल २०१४ मध्ये स्प्रिंग बूट १.० आलं आणि ते ओझं उतरलं. सर्व्हर आतच, बाकीच्या जोडण्या आपोआप, आणि मेन मेथड चालवली की सेवा सुरू. स्प्रिंग जॅक्स-आरएसचा करार पाळत नाही, त्याच्या खुणा स्वतःच्या आहेत, हे लक्षात ठेवा. नाहीतर एका लेखातून पाथची खूण आणि दुसऱ्यातून गेटमॅपिंगची खूण उचलून एकाच वर्गावर (क्लासवर) लावता, आणि ४०४ का येतंय म्हणून रात्र जागता.

मग धाकटी भावंडं. मायक्रोनॉट आणि हेलिडॉन २०१८ चे, क्वार्कस २०१९ चं. ड्रॉपविझार्ड यांच्या बरंच आधीचं, २०११ चं. जेटी हा सर्व्हर, जर्सी आणि जेसन सांभाळणारं जॅक्सन एकत्र बांधून दिलेलं सरळ गाठोडं. जाव्हलिन तर इतकं लहान की अर्ध्या दिवसात पूर्ण समजतं.

मायक्रोनॉट आणि क्वार्कस वेगळे कशात, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडं गावजेवण असतं तेव्हा दोन तऱ्हा दिसतात. एका गावात पंगत बसायच्या वेळी पुढारी मंडपात फिरतो: कोण आलंय, कुणाला भात वाढायला लावू, कुणाला आमटी, पाणी कोण देणार. काम होतं, पण पहिली पंगत उशिरा बसते. दुसऱ्या गावात आदल्या रात्रीच देवळात बसून नावं ठरलेली असतात; सकाळी सगळे थेट कामाला लागतात. स्प्रिंगची मूळ पद्धत पहिली. ॲप सुरू होताना तो सगळे वर्ग चाळतो, कुणाला कोण हवंय ते शोधतो आणि जोडून देतो. मायक्रोनॉट आणि क्वार्कस यातलं बरंचसं काम कंपाइल करतानाच, म्हणजे आदल्या रात्री, उरकतात. म्हणून ती पटकन उठतात आणि मेमरी कमी खातात. पुढे जाऊन ग्रालव्हीएम या साधनानं नेटिव्ह बायनरी, म्हणजे मशीनवर थेट चालणारी फाइल, केली तर उठायला सेकंदाचा छोटासा अंश पुरतो.

त्याचं मोलही द्यावं लागतं. नेटिव्ह बायनरी करताना पुढे काय काय लागणार ते सगळं आधीच माहीत असावं लागतं. चालता चालता नावावरून वर्ग शोधणारी (याला रिफ्लेक्शन म्हणतात) एखादी जुनी लायब्ररी असेल तर तिची नोंद वेगळी करून द्यावी लागते. शिवाय बिल्डला मिनिटंच्या मिनिटं लागतात आणि भरपूर रॅम लागते. आठ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझर आणि आयडीई उघडे ठेवून हा प्रयोग करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. सध्या स्प्रिंग बूटमध्येही, ३.० पासून, नेटिव्हची सोय आहे. तिथंही हाच हिशोब लागू.

वेगाची गोष्ट

"सेकंदाला किती विनंत्या" या तक्त्यांवर मुलांचा फार जीव असतो. मी त्यांना एकच विचारतो: तुमच्या यार्डात सेकंदाला किती लॉट येतात?

टॉमकॅट, म्हणजे स्प्रिंग बूटच्या आतला सर्व्हर, मूळ ठेवणीत एका वेळी जास्तीत जास्त २०० थ्रेड (एकेक विनंती हाताळणारे कामगार) चालवतो. स्प्रिंग बूटमध्ये डेटाबेसच्या जोडण्या सांभाळणाऱ्या हिकारीची मूळ मर्यादा १० आहे. म्हणजे दोनशे हमाल उभे आहेत आणि वजनकाटे दहाच. हमाल कितीही चपळ आणा, रांग काट्यापाशीच लागणार. बहुतेक छोट्या सेवांचा वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट बघण्यात जातो, फ्रेमवर्कमध्ये नाही. इंडेक्स (शोधायची सूची) नसलेल्या डेटाबेसच्या एका क्वेरीनं जेवढा वेळ खाल्ला जातो, तेवढा कुठलंही फ्रेमवर्क बदलून परत मिळत नाही.

वाट बघण्यात थ्रेड अडकू नयेत म्हणून मधल्या काळात रिॲक्टिव्ह पद्धत आली: थांबून न राहता, उत्तर आलं की पुढचं काम करायचं. व्हर्ट.एक्स, स्प्रिंगचं वेबफ्लक्स ही त्यातली. ताकद आहे त्यात, पण कोड वाचायला अवघड होतो आणि चूक कुठं झाली ते शोधणं त्याहून अवघड. सप्टेंबर २०२३ मध्ये जावा २१ आला, त्यात व्हर्च्युअल थ्रेड पक्के झाले. हमाल आता काट्यापाशी पोतं ठेवून दुसऱ्या टेम्पोकडे जातो. नंबर लागला की त्याला परत बोलावतात. कोड मात्र साधा, वरून खाली वाचता येणाराच राहतो. स्प्रिंग बूट ३.२ पासून ही सोय एका सेटिंगनं चालू होते. हेलिडॉन ४ चा तर सर्व्हरच याच पायावर नव्यानं लिहिलेला आहे. आज नव्यानं शिकणाऱ्याला मी रिॲक्टिव्हच्या वाटेला लावणार नाही. हजारो जोडण्या सतत उघड्या ठेवणारी सेवा असेल तर गोष्ट वेगळी.

मेमरीचा मुद्दा मात्र खरा आहे, आणि आपल्याकडं जास्तच खरा, कारण छोट्या दुकानाला क्लाउडचं महिन्याचं बिल टोचतं. तुम्ही काही सांगितलं नाही तर जेव्हीएम, म्हणजे जावा चालवणारं इंजिन, मशीनच्या एकूण रॅमच्या चौथ्या भागाएवढाच हीप (ऑब्जेक्ट ठेवायची जागा) जास्तीत जास्त घेते. एक जीबीच्या मशीनवर म्हणजे २५६ एमबी. त्यात स्प्रिंग बूटची एक सेवा नीट बसते. पाच वेगवेगळ्या सेवा तिथं कोंबायच्या असतील तर क्वार्कस किंवा मायक्रोनॉटचा विचार जरूर करा. पण त्याआधी हेही विचारा, की एका अडत दुकानाला पाच सेवा कशाला?

एका ओळीचा सापळा

भाच्याचे चार तास इथं गेले, म्हणून हे वेगळं सांगतो. एंटरप्राइझ जावा ओरॅकलनं २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशनकडं सोपवायचं ठरवलं. पण "जावा" या नावावरचा हक्क ओरॅकलकडंच राहिला. त्यामुळे २०१८ मध्ये त्याचं नाव जकार्ता ईई झालं, आणि २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजांची नावंही "जावाएक्स" वरून "जकार्ता" झाली. नोव्हेंबर २०२२ च्या स्प्रिंग बूट ३.० नं हाच बदल घेतला, आणि किमान जावा १७ ची अटही घातली.

इंटरनेटवरचे बरेच धडे त्याआधीचे आहेत. त्यातला व्हॅलिडेशनचा (माहिती तपासण्याचा) किंवा जेपीएचा (डेटाबेसशी बोलण्याचा) कोड जसाच्या तसा उचलला तर "पॅकेज अस्तित्वात नाही" असं कंपायलर सांगतो, आणि मुलाला वाटतं आपलंच मेव्हन, म्हणजे प्रोजेक्ट बांधायचं साधन, बिघडलंय. म्हणून कुठलाही धडा उघडला की पहिल्यांदा वरच्या इम्पोर्टच्या ओळी बघा. तिथं जावाएक्स डॉट पर्सिस्टन्स, जावाएक्स डॉट व्हॅलिडेशन किंवा जावाएक्स डॉट डब्ल्यूएस दिसलं तर तो धडा जुना. जावाएक्स डॉट एसक्यूएल मात्र जेडीकेचंच आहे, ते बदललेलं नाही. सगळीकडं सरसकट शोधून-बदलून टाकू नका.

एक पत्ता, दोन भाषा

आमच्या भागातल्या सेवेला एक गरज असते, जी पुण्याच्या सेवेला सहसा नसते. कडोलीचा शेतकरी पट्टी मराठीत वाचतो, बैलहोंगलचा कन्नडमध्ये. दुकान एक, हिशोब एक, कागद दोन.

मुलं इथं "/पट्टीमराठी" आणि "/पट्टीकन्नड" असे दोन पत्ते बनवतात. रेस्टचा विचार इथं किती उपयोगी आहे बघा: पट्टी ही वस्तू एकच आहे, तिची रूपं दोन. पत्ता एकच ठेवायचा, आणि कुठल्या भाषेत हवी ते फोननं विनंतीच्या "ॲक्सेप्ट-लँग्वेज" या हेडरमध्ये सांगायचं. मराठीचा संकेत एमआर, कन्नडचा केएन. स्प्रिंग मूळ ठेवणीतच हे हेडर बघून भाषा ठरवतो आणि त्या त्या मेसेज फायलीतला मजकूर घेतो. जॅक्स-आरएसमध्येही उपलब्ध रूपांतून योग्य ते निवडायची सोय करारातच आहे. "हमाली", "तोलाई", "निव्वळ रक्कम" हे शब्द दोन फायलींत राहतात, हिशोबाच्या कोडला भाषेचा पत्ताही लागत नाही.

आणि मग ती प्रश्नचिन्हं. दुकानातल्या विंडोजच्या मशीनवर सेवेनं पहिली पट्टी फाइलमध्ये लिहिली तेव्हा गावाच्या जागी "??????" आलं. मोजली तर सहा. ब, मात्रा, ळ, ग, काना, व: "बेळगाव" शब्दाचे युनिकोडमध्ये सहाच घटक होतात, आणि विंडोजच्या जुन्या इंग्रजी संकेतनाला (अक्षरं साठवायच्या पद्धतीला) त्यातला एकही माहीत नसल्यानं प्रत्येकाच्या जागी त्यानं एक प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. यूटीएफ-८ मध्ये याच शब्दाला अठरा बाइट लागतात, एकेका घटकाला तीन. मार्च २०२२ च्या जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच सगळीकडं मूळ संकेतन झालं आहे. त्याआधीचा जावा असेल तर फाइल वाचताना-लिहिताना संकेतन स्पष्ट सांगितलंच पाहिजे. डेटाबेसचं टेबलही तपासा. तिथं एकदा प्रश्नचिन्ह साठलं की मूळ अक्षर परत मिळत नाही. शेतकऱ्याचं नाव त्याच्या पट्टीवर नीट उमटलं नाही, तर बाकी सगळी सेवा कितीही चांगली असो, त्याचा तिच्यावर विश्वास बसत नाही.

मग कुठलं घ्यायचं?

माझी पहिली सेवा जाव्हलिनवर होती. मला ते आवडायचं, आजही आवडतं. पण मधे घरच्या अडचणीमुळे मला दोन महिने काम बाजूला ठेवावं लागलं, आणि दुकानाला दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगावं लागलं. इथली मुलं शिकतात आणि पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातात. राहिलेल्यांत जे जावावाले भेटले त्या सगळ्यांना स्प्रिंग बूट येत होतं. जाव्हलिन शिकायला अर्धा दिवस पुरतो हे खरं, पण लॉगिन, व्हॅलिडेशन, डेटाबेसची जोडणी, सेटिंग हे सगळं त्याच्याभोवती मी माझ्या पद्धतीनं रचलं होतं. ते वाचायला त्या मुलाला पंधरा दिवस लागले. त्यात जाव्हलिनचा दोष नाही. माझ्यानंतर हे कोण सांभाळणार, हा प्रश्न मी सुरुवातीला विचारलाच नव्हता.

म्हणून आता मी आधी तोच विचारतो. बेळगाव-खानापूर-निपाणीत छोट्या धंद्यासाठी, पतसंस्थेसाठी, दूध संकलन केंद्रासाठी सेवा लिहायची असेल तर माझं उत्तर स्प्रिंग बूट. ते सर्वांत हलकं नाही आणि सर्वांत देखणंही नाही. पण आज तुम्ही थांबलात तर उद्या ते वाचू शकणारा माणूस गावात मिळतो, अडलं तर उत्तर शोधता येतं, आणि नोकरीच्या जाहिरातींतही तेच सगळ्यात जास्त मागितलेलं दिसतं.

कंपनीत आधीपासून वाइल्डफ्लाय किंवा ओपन लिबर्टीसारखा सर्व्हर असेल तर जॅक्स-आरएस वापरा, वेगळं काही आणू नका. जॅक्स-आरएस येणारी टीम नव्यानं सुरुवात करत असेल, किंवा सेवा सतत उठवायची-झोपवायची असेल आणि मेमरीचे पैसे मोजावे लागत असतील, तर क्वार्कस. मायक्रोनॉटही त्याच कामाचं. दोन्हीपैकी टीममधल्या एकाला जरी एक येत असेल तर तेच. सोपवाल्या जुन्या सेवांशी गाठ असेल तर सीएक्सएफ. एकट्यानं, एका आठवड्याचं, स्वतःपुरतं काम असेल तर जाव्हलिन, आणि मजेत करा.

निवडताना आवृत्तीच्या वयाकडंही बघा. स्प्रिंग बूटची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरमध्ये येते आणि प्रत्येकीला फुकटचा आधार वर्षभराच्या आसपास मिळतो. "चालतंय ना, हात लावू नको" हे आपल्याकडं यंत्राच्या बाबतीत म्हणतात आणि उद्यमबागेतल्या लेथला ते लागूही पडतं. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सेवेला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतली चूक बाहेर आली तेव्हा बाहेरून आलेला एक मजकूर नुसता लॉगमध्ये लिहिला गेला तरी सर्व्हर परक्याच्या हातात जाऊ शकत होता. ज्यांच्या आवृत्त्या ताज्या होत्या त्यांनी बिल्ड फायलीतला एक आकडा बदलला आणि झोपले. पाच वर्षं मागं राहिलेल्यांना आधी बाकीचं सगळं वर ओढावं लागलं.

आणि फ्रेमवर्क कुठलंही घ्या, पट्टीचा हिशोब त्याच्यापासून लांब ठेवा. माझ्या प्रोजेक्टमध्ये पट्टी काढणारा वर्ग निव्वळ जावात आहे. त्याच्या डोक्यावर एकही खूण नाही, त्याच्या इम्पोर्टमध्ये स्प्रिंग नाही, जकार्ता नाही. वजन, भाव, हमाली, तोलाई आत जातात, रक्कम बाहेर येते. आणि रक्कम डबल या अपूर्णांकाच्या साध्या प्रकारात नाही, दशांश अचूक ठेवणाऱ्या बिगडेसिमलमध्ये, कारण डबलला ०.१ सुद्धा अचूक साठवता येत नाही. जाव्हलिनवरून स्प्रिंग बूटवर आलो तेव्हा बाहेरचे दरवाजे सगळे बदलले, त्या वर्गातली एक ओळही बदलली नाही. त्याच्या टेस्ट होत्या तशाच चालल्या.

भाच्यानं शेवटी स्प्रिंग बूट घेतलं, जावा २१ वर. प्रोजेक्टचा विषय त्याच्या आजोळच्या दूध केंद्राची नोंद. पहिली टेस्ट त्यानं मला न विचारता लिहिली: एकाच खुणेनं तेच साडेचार लिटर दोनदा पाठवायचं, आणि खात्यात साडेचारच राहिलं पाहिजे. ती हिरवी झाल्यावर फोन फ्लाइट मोडवर टाकून, काढून, परत टाकून तो अंगणात तासभर बटण दाबत बसला होता.